उर्वरित मजकूर पान १४७ वर

आमच्या इमारतीत मी एकटीच मुक्त आहे. म्हणजे मुक्त लेखिका. बाकीचे एकतर नोकरीत आहेत नाहीतर निवृत्त. नोकरीवाले दिवसभर बाहेर असतात आणि निवृत्तांची दुपारची झोप मोडायची नसते, त्यामुळे दीड वाजता कुरिअरवाल्याला दार उघडण्याचं काम साहजिकच मुक्तांकडे येतं. चार मजल्यांची पार्सलं माझ्या हॉलमध्ये येऊन पडतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर पत्त्याखाली कायमचं लिहून ठेवलंय, 'घरी नसल्यास २०२ मध्ये द्यावे. त्या घरीच असतात, काही करत नाहीत.' लेखनात काटकसर कशी करावी हे मला संपादकांनी वीस वर्षं सांगितलं. काकूंना ते कुणी सांगावं लागलं नाही.

सासूबाईही घरी आलेल्यांना माझ्याबद्दल सांगतात. "हिचं लिहिण्याचं असतं," असं म्हणतात. "हिला पित्ताचं असतं" म्हणताना जो आवाज लागतो, तोच.

या धंद्यात माझ्या आधीही लोक पडले होते, नाही असं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी नोकरी सोडली. पण नीट पाहिलं तर 'निबंधमाला' १८७४ पासूनच सुरू होती. म्हणजे आधी लिहायला जागा तयार केली आणि मग राजीनामा दिला. मी राजीनामा आधी दिला आणि जागा अजून शोधते आहे.

जागा शोधायचा माझा मोसम गुढीपाडव्यानंतर सुरू होतो. बाहेरच्यांना वाटतं की दिवाळी अंक दिवाळीत असतात. ते वाचणाऱ्यांचे. लिहिणाऱ्यांची दिवाळी जूनमध्ये येते, मजकूर जुलैअखेर द्यायचा असतो. खिडकीबाहेर डोंबिवलीचा पाऊस कोसळत असतो, दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळलेले नसतात आणि मी अभ्यंगस्नान, उटणं आणि पहाटेची गुलाबी थंडी असं लिहीत असते. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा पडली. या मित्रांचं मूळ आडनाव आजगावकर. बंगाली साहित्यावरच्या प्रेमापोटी त्यांनी 'मित्र' असं नाव घेतलं. दिवाळी अंकाच्या संपादकाने स्वतःला मित्र म्हणवून घेण्याची ती पहिली आणि माझ्या अनुभवाप्रमाणे शेवटचीच वेळ.

तर पाडवा झाला की मी आमच्या लायब्ररीवाल्या काकांकडे जाते. त्यांच्याकडे पैसे भरून दिवाळी अंक वाचायची योजना असते. योजना संपली की ते सगळे अंक, कोपरे मुडपलेले, शब्दकोडी पेनाने सोडवलेले, पोह्यांच्या हळदीचे डाग पडलेले, जिन्याखाली थप्पी लावून अर्ध्या किमतीला विकायला ठेवतात. मी विकत घेत नाही, हे काकांना ठाऊक आहे. मी त्या थप्पीशेजारी पाट घेऊन बसते आणि प्रत्येक अंकाचं ते एक पान उघडते, जे छापणाऱ्याखेरीज कुणी वाचत नाही. संपादक, मुद्रक, प्रकाशक, कायदेशीर वाद अमुक न्यायालयाच्या कक्षेत आणि 'लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही'. हे वाक्य मी जिथे जिथे वाचते तिथे मला वाटतं, एकदा तरी सहमत होऊन बघा.

या पानावरून मला बरंच कळतं. 'वर्ष पहिले' असेल तर मानधन देण्याचा इरादा असतो. 'वर्ष पस्तिसावे' असेल तर न देण्याची परंपरा असते. मलपृष्ठावर सहकारी बँक असेल तर लेखात गावाकडची माणसं चालतात, बिल्डर असेल तर चालत नाहीत. सोन्याच्या पेढीची जाहिरात असलेल्या अंकात आई असावी, शक्यतो पैठणीत. आणि अलीकडे तर अंकही असे निघतात की वाटावं, आता लिहायला माणूस कमी आणि विषय जास्त झालेत. एक अंक निव्वळ पित्तावर होता. दोनशे पानं! त्यातल्या कविताही पित्तावर होत्या. मी पत्ता लिहून घेतला.

गेल्या वर्षी या थप्पीतून मला खरोखरच नवा अंक सापडला. ज्येष्ठ नागरिकांसाठी, वर्ष दुसरे. मला फार बरं वाटलं. आमच्या घरात एक ज्येष्ठ नागरिक आहे, म्हणजे वाचक घरातच मिळाला. शिवाय ज्येष्ठांना वेळ असतो, आठवणी असतात, आणि लांबलचक वाक्याच्या शेवटापर्यंत पोचण्याची चिकाटी असते. मी माझ्या आजीच्या पाट्या-वरवंट्यावर लेख लिहिला. परसात चिंचेखाली असलेला तो पाटा, त्याला वर्षातून दोनदा टाकी लावायला येणारी आणि दगडाशी बोलत बोलत छिन्नी चालवणारी बाई, टाकवून झाल्यावर पहिल्या दोन वाटणांची खर कशी दाताखाली यायची, म्हणून आजी आधी त्यावर नुसते तांदूळ वाटून टाकून द्यायची, ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण यांचा आवाज कसा वेगळा येतो आणि भिंतीपलीकडून आजोबा तो ऐकून आज काय आहे ते कसे ओळखायचे, असं सगळं. चोवीसशे शब्द झाले. पाठवला.

आठ दिवसांनी संपादकांचा फोन आला. मागे हॉर्न वाजत होते. हे संपादक तरुण आहेत आणि संपादन स्कूटरवर करतात.

"मॅडम, लेख एक नंबर. आमच्या मिसेसला तर रडू आलं. फक्त जरा वाचकस्नेही करू या."

'करू या' या क्रियापदात मराठीत दोन माणसं असतात, पण काम एकच करतं. मी म्हटलं, "म्हणजे नक्की काय करायचं?"

"वाक्य बारा शब्दांच्या वर नको. पॅरा तीन ओळींचा. दीडशे शब्दांनंतर एक सबहेड. एक चौकट. आणि शेवटी टेकअवे."

"टेकअवे?"

"म्हणजे वाचकाने घरी काय न्यायचं?"

"अंक तो घरीच वाचत असेल ना?"

हॉर्न वाजला. "मॅडम, हल्लीच्या वाचकाला पेशन्स नाही," असं म्हणून ते सिग्नलला लागले.

मी विचार केला, ऐंशी वर्षांच्या वाचकाला पेशन्स नाही? ज्या माणसांनी गॅसच्या नंबरासाठी आणि टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली, ज्यांनी नातेवाइकांच्या लग्नाची संपूर्ण कॅसेट, हार घालण्याचा पाऊण तास धरून, पाहिली, त्यांना माझ्या आजीच्या पाट्यासाठी पेशन्स नाही? पण मुक्त माणसाने वाद घालायचे नसतात. मी लेख वाचकस्नेही करायला बसले.

वाचकाशी स्नेह करण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुनेच आहेत. मोडी लिपी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची, हात न उचलता सरसर जाणारी. शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हे वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. सासूबाईंच्या वडिलांची मोडीतली काही पत्रं आमच्याकडे आहेत. त्यात त्यांनी कुणाचे तरी पैसे द्यायचे आहेत असं लिहिलंय की कुणाकडून तरी यायचे आहेत, यावर दोन पिढ्या मतभेद आहेत. छापील मराठीने बाळबोध अक्षर धरलं तेव्हा पहिल्यांदा वाचकाची बाजू कुणीतरी घेतली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत होता. पुढे मेजर कँडी या इंग्रज साहेबाने मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम वगैरे रुजवले. तोवर मराठी माणूस न थांबता बोलत होता. तसा तो अजूनही बोलतो, पण निदान लिहिताना श्वास घेतो. या सगळ्यांनी वाचकासाठी एवढं केलं, पण विष्णुशास्त्र्यांनी मालेच्या चौऱ्याऐंशी अंकांत वाचकाला काय घरी न्यायचं ते चौकटीत लिहून दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

मी दिलं. चोवीसशे शब्दांचे बाराशे केले. 'पाटा : एक ओळख', 'पाटा आणि आजी', 'पाटा की मिक्सर?' अशी उपशीर्षकं घातली. टाकी लावणारी बाई तीन ओळींत बसेना, तिला काढलं. भिंतीपलीकडून ऐकणारे आजोबा बारा शब्दांत मावेनात, त्यांनाही काढलं. मग चौकट. 'पाट्याचे पाच फायदे'. मला तीनच सुचले. चौथा 'चोरीला जात नाही' असा घातला. पाचवा संपादकांनी स्वतः घातला, 'दंडांना व्यायाम'. शेवट मात्र मी हलवला नाही. लेखाच्या शेवटी आजी वाटण झाल्यावर पाट्यावरून उठते आणि उठताना एक वाक्य बोलते. त्या एका वाक्यासाठी मी तो लेख लिहिला होता. ते नऊच शब्दांचं होतं, त्यामुळे नियमातही बसत होतं.

पाठवण्याआधी म्हटलं, खरा वाचक घरात आहे तर त्याला दाखवावं. प्रिंट काढून सासूबाईंपुढे ठेवली. त्यांचं वय ब्याऐंशी. रोजचं वर्तमानपत्र त्या शेवटाकडून वाचतात: आधी निधनवार्ता, मग भविष्य, म्हणजे कोण गेलं ते पाहून मग आपलं काय ते. हातात भिंग. कागद लांब धरला, जवळ धरला, खिडकीपाशी नेला.

"कोण गेलं गं?"

"कुणी नाही आई. का?"

"चौकट आहे ना."

मी समजावलं की ही माहितीची चौकट आहे. त्यांना ते पटलं नाही. चौकटीत नाव आलं की त्या माणसाचं सगळं झालं, हा त्यांचा साठ वर्षांच्या वाचनाचा अनुभव. त्यातून चौकटीत मजकूर पाट्याचा होता, त्यामुळे त्या थोडा वेळ पाट्यासाठीच हळहळल्या. मग उपशीर्षकं आली. प्रत्येक उपशीर्षकापाशी थांबून त्या म्हणत, "संपला?" मी म्हणे, "नाही, चालू आहे." चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "सारखं उठबस करायला लावतेस बाई. एकदा बसलेल्या माणसाला बसू द्यावं." आणि ते आडवे ठिपके देऊन लिहिलेले फायदे पाहून, "ही यादी वाण्याकडे द्यायची का?"

शिवाय त्यांचा माझ्या शुद्धलेखनाशी जुना तंटा आहे. त्यांची शाळा झाली ती १९६२ च्या आधी. साहित्य महामंडळाने त्या वर्षी लेखनाचे नियम केले आणि 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' वगैरे शब्दांवरचे ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार काढून टाकले. वाचकाच्या सोयीसाठीच ते केलं असणार. पण माझ्या वाचकाला ते अजून कुणी कळवलेलं नाही. त्या माझे लेख पेन्सिल घेऊन वाचतात आणि एकेका शब्दावर ठिपका ठेवत जातात, रांगोळी घालावी तशा. "टिंबं कुठे सांडलीस सगळी?" असं विचारतात.

"बाकी कसा वाटला आई?"

"बरा आहे. पण त्यांना ऐकू कसं यायचं ते नाही लिहिलंस?"

"कुणाला?"

"तुझ्या आजोबांना. तू लग्नानंतर सांगितलं होतंस की. भिंतीपलीकडून."

मी प्रिंट उचलून आत गेले.

तरी हा लेख निदान अक्षरांच्या अपघातातून वाचला. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका अंकात मी गावच्या लग्नाच्या पंगतीवर लिहिलं होतं. मी युनिकोडमध्ये पाठवते. छापणारे ते आपल्या जुन्या फॉन्टमध्ये नेतात. या प्रवासात मराठीच्या सामानातून नेहमी काहीतरी गहाळ होतं आणि सगळ्यात आधी जातो तो 'ऱ्या'मधला तो आडवा, पापणीसारखा र. हिंदीला त्याचं काम नाही, इंग्रजीला त्याचं अस्तित्व माहीत नाही, आणि आपल्याकडे त्याच्यावाचून दऱ्यांचा दर्या होतो. माझं वाक्य होतं, 'आचाऱ्यांनी वरणाला स्वतः फोडणी दिली.' छापून आलं, 'आचार्यांनी वरणाला स्वतः फोडणी दिली.' पुढे दोन पानं आचार्यच होते. आचार्यांनी कढईत हात घातला, आचार्यांनी पंचा झटकला, आचार्य नवऱ्या मुलाच्या मामावर ओरडले. एका वाचकाचं संपादकांना पत्र आलं की आचार्य अत्र्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग आजवर कुठेच आलेला नाही, तरी लेखिकेने पुरावा द्यावा. मामावर ओरडल्याचा भाग त्यांना विश्वसनीय वाटला होता, फोडणीबद्दल शंका होती. माझ्या सगळ्या लिखाणात इतक्या बारकाईने वाचला गेलेला तो एकच लेख.

मानधनाचं म्हणाल तर ज्येष्ठांच्या अंकाने पाचशे रुपये कबूल केले होते. नव्या अंकांचं हे असंच असतं, अजून भाबडे असतात. त्यासाठी पॅन कार्डाची प्रत, आधारची प्रत, बँकेचा तपशील आणि एक रद्द केलेला चेक मागितला. मी पाठवला. तो त्यांच्याकडे हरवला. पुन्हा पाठवला. त्यावर 'रद्द' असं मराठीत लिहिलं होतं ते त्यांच्या अकाउंटंटला चाललं नाही. तिसरा पाठवला. गेल्या आर्थिक वर्षाचा हिशोब केला तेव्हा दिसलं की मी अकरा चेक रद्द केले आणि मला चार आले. हे उत्पन्नाच्या कुठल्या रकान्यात दाखवायचं, हे आमच्या सीएंना विचारलं, तर त्यांनी चहा मागवला.

वसुबारसेला अंक हातात आला. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर हसणारं वृद्ध जोडपं, दात पूर्ण. उघडला आणि माझ्याच डोळ्यांना चष्मा शोधावा लागला. ज्येष्ठ नागरिकांसाठी काढलेल्या त्या अंकाचं अक्षर औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदासारखं होतं, आणि तेही फिकट राखाडी, मागे पणत्यांचं अस्पष्ट चित्र. मी संपादकांना फोन केला. म्हणाले, "मॅडम, जाहिराती जास्त आल्या. पानं वाढवणं परवडेना, म्हणून अक्षर दोन पॉइंट उतरवलं. पण उपशीर्षकं बघा कशी उठून दिसतायत!"

उठूनच दिसत होती. लेख पान ३१ वर सुरू होत होता. चौकट होती. चौकटीनंतर कंसात 'उर्वरित मजकूर पान १४७ वर' असं होतं. मधल्या एकशे पंधरा पानांत दोन दीर्घकथा, वर्षभराचं राशिभविष्य आणि इच्छापत्र कसं करावं यावरचा लेख होता.

सासूबाई भिंग घेऊन बसल्या. पान ३१ संपवून त्या १४७ कडे निघाल्या. वाटेत राशिभविष्य लागलं. मेषेचं वाचलं, मग माझं, मग माझ्या नवऱ्याचं, मग पुण्याच्या नणंदेचं. इच्छापत्रापाशी बराच वेळ थांबल्या, तेव्हा मी चहा टाकला. १४७ वर पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. मी दिवा लावून समोर बसले. आजीचं ते वाक्य त्या कशा वाचतात ते मला बघायचं होतं.

त्या पुटपुटत वाचत होत्या. वाटण झालं. आजीने पाटा धुतला. "आजी उठली. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. आणि म्हणाली..." भिंग खाली सरकलं. "गुडघेदुखी विसरा! पंधरा दिवसांत फरक जाणवेल. शुद्ध वनौषधींचे तेल. घरपोच मिळेल."

मी अंक ओढून घेतला. शेवटच्या दोन ओळींच्या जागी, अगदी त्याच स्तंभात, त्याच राखाडी अक्षरात तेलाची जाहिरात बसली होती. मध्ये रेघसुद्धा नव्हती. चौकट करायची तर इथे करायची होती!

सासूबाईंनी भिंग पुसून बाजूला ठेवलं. चेहरा प्रसन्न होता.

"शेवट छान केलास हो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं लिहितेस, पण पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं लिहिलंस. आणि तुझी आजीही हुशार होती. त्या काळात अशी तेलं माहीत असणं म्हणजे..."

"आई, ते आजीचं नाही."

"खाली नंबर दिलाय बघ. लाव फोन."

मी लावला. बाटली चारशे नव्व्याण्णव रुपयांना. चौथ्या दिवशी दुपारी दीड वाजता पार्सल आलं. घ्यायला मी होतेच.